प्लास्टिकची छाती

सुरतच्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात मी एकवीस वर्षं नर्स आहे. त्यातली चौदा वर्षं दुर्बिणीच्या खोलीत गेली. ही दुर्बीण म्हणजे करंगळीहून बारीक, काळी, वाकणारी नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती नाकातून घालायची, घशातून श्वासनलिकेत न्यायची आणि फुप्फुसाच्या आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं. डॉक्टर तिला ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात. पेशंट म्हणतात, दुर्बीण टाकली.

माझं काम पेशंटच्या शेजारी उभं राहण्याचं. घशात बधिरतेच्या कडू औषधाचा फवारा मारायचा, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावायची, डॉक्टर मागतील तेव्हा चिमटा द्यायचा. पेशंटचा हात धरणं हे कामाच्या यादीत नाही, पण तेच सगळ्यात जास्त करावं लागतं.

आमच्याकडे छातीच्या आजारांचं शिक्षण घेणारे डॉक्टर येतात. तीन वर्षं राहतात, शिकतात, जातात. पूर्वी त्यांचं दुर्बीण शिकणं असं असायचं, की चार-दोन वेळा मोठ्या सरांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, खांद्यावरून बघायचं आणि मग एके दिवशी नळी हातात घ्यायची. समोर जिवंत माणूस. श्वासनलिकेची आतली कातडी फार हळवी असते. नळी भिंतीला लागली की खोकला येतो, खोकला आला की पडद्यावर सगळं लाल होतं, काही दिसत नाही. मग शिकणारा घाबरतो आणि नळी आणखी पुढे रेटतो. पेशंटला वाटतं आपण बुडतोय. माझ्या डाव्या मनगटावर तेव्हा कायम कुणाच्या ना कुणाच्या नखांच्या खुणा असायच्या.

खासगी खोलीतल्या पेशंटची दुर्बीण सर स्वतः करायचे. शिकाऊ हात जनरल वॉर्डासाठी. जनरल वॉर्डात कोण असायचं? पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमधले, यंत्रमागावरचे. ओडिशाचे, यूपीचे, आणि आमच्या खानदेशातले. माझे वडील शिंदखेड्याकडून सुरतला आले ते मिलमध्येच लागले. आम्ही भेस्तानच्या दोन खोल्यांत वाढलो, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. त्यामुळे टेबलावर पडलेला माणूस अहिराणीत कण्हायला लागला की मला माझ्या गल्लीतलं कुणी पडल्यासारखं वाटायचं. एकदा शिरपूरकडचे एक म्हातारे बाबा, अर्धा तास खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढल्यावर, माझा पदर ओढून म्हणाले, "माय, त्या पोऱ्याले सांग. मी काय बकरं शे का?"

मी त्या डॉक्टरला काही सांगितलं नाही. त्याचीही ती पहिलीच वेळ होती.

पाच-सहा वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी एक यंत्र आणलं. सर गुजराती, शिस्तीचे, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलेली. एका श्रीमंत कुटुंबाच्या मागे लागून, त्यांच्या आईच्या स्मरणार्थ म्हणून त्यांनी ते मिळवलं होतं. कमरेपासून वर माणसाचं प्लास्टिकचं धड, उघडं तोंड, दोन नाकपुड्या. बाजूला संगणक. खऱ्यासारखी दिसणारी नळी नाकात घातली की पडद्यावर श्वासनलिका उलगडायची. भिंतीला धक्का लागला की यंत्र खोकायचं. शेवटी हिशोब दाखवायचं, किती वेळ लागला, किती वेळा भिंतीला लागलात, श्वासनलिकेच्या अठरा फांद्यांपैकी किती पाहिल्या, किती विसरलात. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी पहिल्या दिवशी त्याला चादर पांघरली. म्हणाल्या, "उघडं कशाला ठेवायचं, बाईमाणसं येतात-जातात."

सरांनी नियम केला. यंत्रावर पन्नास वेळा नीट केल्याशिवाय पेशंटला कुणी हात लावायचा नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे दिली.

त्या वर्षी बारडोलीच्या एक मॅडम शिकायला होत्या. वडील तिथल्या साखर कारखान्यात कारकून. मॅडम अभ्यासात पुढे, पण हाताला घाम फुटायचा. यंत्र यायच्या आधी त्यांनी एकदाच पेशंटवर नळी चालवली होती. ऑक्सिजन खाली गेला, घंटी वाजायला लागली, त्यांनी नळी ओढून काढली आणि ती धुवायच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेले तर नळ सोडून रडत होत्या. आमचं बोलणं गुजरातीत व्हायचं. म्हणाल्या, "सिस्टर, मी ही शाखाच सोडते. मी माणूस मारीन एखादा."

यंत्र आल्यावर त्या रोज दुपारी यायच्या. पहिल्या दिवशी यंत्र इतकं खोकलं की बाहेरच्या बाकावरचे नातेवाईक आत डोकावून गेले. मॅडम ओशाळल्या. मी म्हटलं, "हा मरत नाही. खोकू द्या त्याला."

मी रोज खोली उघडून बसायचे, म्हणून मीही बघत बघत शिकले. मग डबा खाऊन उरलेल्या वीस मिनिटांत, कुणी नसताना, नळी हातात घेऊ लागले. नळी फिरवायची ती मनगटाने, कोपराने नाही. अंगठ्याने टोक वाकवायचं ते अगदी थोडं. वाट नेहमी पडद्याच्या मधोमध ठेवायची. घाई झाली की थांबायचं. एक दिवस मोठे सर मागे येऊन उभे होते ते मला कळलंच नाही. मी उठायला गेले तर म्हणाले, "बसा. पूर्ण करा." अठराही फांद्या झाल्यावर म्हणाले, "तुमचा हात सरळ आहे, सिस्टर. पेशंटवर तुम्हाला करता येणार नाही, कायद्यात बसत नाही. पण या पोरांना दाखवा."

त्या दिवशी घरी जाताना मी बसमधून एक स्टॉप आधी उतरले आणि उगाच चालत गेले. इतका आनंद मला झाला होता हे आज लिहितानाही खोटं वाटतं.

दोन वर्षं बरी गेली. बारडोलीच्या मॅडमची घामाची सवय गेली नाही, त्या हातमोज्यात पावडर जास्त घालायच्या. पण हात बसला. टेबलावरचे पेशंट कमी खोकायला लागले. माझ्या मनगटावरच्या खुणा गेल्या. पेशंट उठून विचारायचे, "झालं? इतक्यात?" दर वेळी मला ते शिरपूरचे बाबा आठवायचे. आपण थोडं आधी शहाणे झालो असतो तर, असं वाटायचं.

मग दादा आजारी पडला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वडिलांच्या मागे तोही पांडेसऱ्यालाच मिलमध्ये, रंग कालवायच्या खात्यात. पंचवीस वर्षं. त्याच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी राणी रंगाच्या असायच्या. खोकला त्याला नेहमीचाच होता, खात्यातल्या सगळ्यांनाच असतो. तो वाढला तेव्हा गल्लीच्या डॉक्टरने एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी. दादाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, "घेतोयस तर अर्धवट सोडू नको. पूर्ण कोर्स कर." मी रोज छातीच्या विभागात काम करणारी बाई. मला त्याला त्याच दिवशी आमच्याकडे ओढून आणायला हवं होतं. त्या आठवड्यात दोन नर्स रजेवर होत्या, मी दुहेरी पाळी करत होते, आणि टीबी तर आमच्याकडे घरोघरी असतो, असं मला वाटलं. चार महिने तो त्या गोळ्या गिळत राहिला. पाचव्या महिन्यात रुमालावर रक्त पडलं तेव्हा वहिनीने मला फोन केला.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूला सावली होती. दुर्बीण करून तुकडा घ्यावा लागणार होता. मी मोठ्या सरांकडे गेले. म्हटलं, "सर, तुम्ही स्वतः करा."

सरांनी टेबलावरचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं किंचित हलत होती. म्हणाले, "वर्षभर झालं. म्हणून मी आता कमी करतो. बारडोलीच्या मॅडमचा हात आज माझ्यापेक्षा चांगला आहे. माझा भाऊ असता तरी तिलाच दिला असता."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी आत येऊ नका, सिस्टर. दुसऱ्या कुणाला उभं करू." मी ऐकलं नाही. इतकी वर्षं परक्यांचे हात धरले, आणि भावाच्या वेळी बाहेर बाकावर बसू?

दादाला मीच फवारा मारला. त्याने तोंड वाकडं केलं. "मिलना रंग तोंडमा जास, तोबी इतका कडू नही लागत," म्हणाला. मी त्याचा हात धरला. मॅडमनी नळी आत घातली.

आजवर मी बघितलेली सगळ्यात सुंदर दुर्बीण ती होती. नाकातून नळी गेली ती कुठे टेकली नाही. घशातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडल्या आणि त्यांच्या मधून ती अलगद उतरली. दादा एकदा खोकला, मग शांत. वाट पडद्याच्या मधोमध. जिथे श्वासनलिकेच्या दोन शाखा होतात तिथे एक धार असते. यंत्रावर ती पातळ असायची, सुरीच्या पात्यासारखी, मी ती शेकडो वेळा पाहिली होती. दादाची ती धार जाड, बोथट झाली होती. म्हणजे तिच्या मागे गाठी वाढल्या होत्या. आणि उजव्या शाखेच्या तोंडाशी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं पांढुरकं मांस उगवलेलं. वाट जवळजवळ बंद.

यंत्र आलं नसतं तर मला त्या पडद्यावर फक्त लाल-पांढरं काहीतरी दिसलं असतं. पूर्वी तसंच दिसायचं. आता मला वाचता येत होतं. रिपोर्टच्या आठ दिवस आधी, भावाचा हात हातात असताना, मी ते वाचलं. मॅडमनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. "चिमटा," त्या म्हणाल्या. मी चिमटा दिला. पाच तुकडे घेतले. थोडं रक्त आलं, थंड सलाइनने थांबलं. दादाचा ऑक्सिजन एकदाही खाली गेला नाही.

तासाभराने बधिरता उतरल्यावर दादा म्हणाला, "काहीच तरास नही हुयना. पोर हुशार शे." मग विचारलं, "मन्ही छातीमा काय दखायनं?"

"रिपोर्ट येऊ दे."

"तू तं रोज दखस. तुले समजनं व्हई."

मी त्याच्या बोटाची क्लिप काढली, पुन्हा लावली.

मॅडम जिन्याजवळ उभ्या होत्या. मी म्हटलं, "फार चांगलं केलंत तुम्ही." त्यांनी मान हलवली. "चांगलं करून काय झालं, सिस्टर? आत काय आहे ते फक्त नीट दिसलं." खालून पुढच्या पेशंटची फाइल आली आणि आम्ही दोघी आत गेलो.

कॅन्सर होता. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. दादा पूर्वी विड्या ओढायचा, दहा वर्षांपूर्वी सोडल्या होत्या. विडीने झालं की मिलने, असं वहिनीने सरांना विचारलं. सर म्हणाले, सांगता येत नाही. चार महिने आधी आला असता तर, असं तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. सरांनी आपण होऊन सांगितलं, "आधी आला असता तरी कदाचित..." आणि वाक्य सोडून दिलं. त्या 'कदाचित'च्या पुढे काय होतं ते मी अजूनही ठरवते आहे.

दादा सात महिने जगला. शेवटी भेस्तानच्या घरी, पुढच्या खोलीत, उशांना टेकून बसलेला, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. तो गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, भांडी आवरताना, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतला वरीस तू दवाखानामा शे. तुले पहिले का नही समजनं?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पातेलं घासत राहिले. त्यानंतर आईने तो प्रश्न कधी काढला नाही, आणि आमच्यात पूर्वीसारखं बोलणंही झालं नाही. वहिनी आता साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जाते.

त्याच वर्षी मोठे सर निवृत्त झाले. बारडोलीच्या मॅडमचं शिक्षण संपलं, त्या वडोदऱ्याला खासगी दवाखान्यात गेल्या. फोनवर एकदा म्हणाल्या, तिथे त्यांना बहुतेक अतिदक्षता विभागच बघावा लागतो, दुर्बीण महिन्यातून एखादी. नवे सर आले ते चांगले आहेत, पण त्यांच्याकडे तीन विभागांचं काम आहे. पन्नास वेळांचा नियम आधी वीसवर आला, मग "जमेल तेवढं करा" असा झाला.

मग यंत्राच्या नळीतलं काहीतरी निकामी झालं. नळी डावीकडे वळवली की पडदा काळा व्हायचा. मी अर्ज लिहिला. कंपनीचा माणूस आला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, या मॉडेलचे भाग बनवणं बंद झालं, नवं घ्या. मी दुसरा अर्ज लिहिला. सहा महिन्यांनी तिसरा. नवे सर म्हणाले, "चालशे, सिस्टर. मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघतात आजकाल, शिकतात." गेल्या वर्षी त्या खोलीत सलाइनची खोकी ठेवायला सुरुवात झाली. माझ्याकडची किल्ली स्टोअरवाल्यांनी मागून नेली. प्लास्टिकचं धड भिंतीकडे तोंड करून उभं आहे, नाकपुडीत कुणीतरी पेनाचं टोपण खोचलंय.

यंदा आलेल्या एका डॉक्टरांना पहिल्याच वेळी नळी पेशंटवर चालवावी लागली. पेशंट पांडेसऱ्यातली, माझ्याच वयाची बाई होती. ती खोकायला लागली, पडदा लाल झाला, ते नळी रेटू लागले. मी हळू आवाजात म्हटलं, "सर, थांबा जरा. मनगट फिरवा, कोपर नको. मधोमध आणा."

त्यांनी नळी थांबवली नाही. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही ऑक्सिजनकडे लक्ष द्या."

मी ऑक्सिजनकडे लक्ष दिलं. तो कमी होत होता, तेवढं सांगितलं. त्या बाईने माझा हात घट्ट धरला होता. बाहेर आल्यावर डॉक्टर बेसिनपाशी बराच वेळ हात धूत होते. मी त्यांच्याजवळ जायला हवं होतं, बारडोलीच्या मॅडमजवळ गेले होते तशी. गेले नाही. जाऊन सांगायचं काय? रोज दुपारी या, खोली उघडते, असं म्हणायला खोली उरली नव्हती.

मी बदलीचा अर्ज दिला होता, डोळ्यांच्या विभागात. तिथे माणसं बसलेली असतात, थेंब घालून घरी जातात. मेट्रननी बोलावलं. चहा मागवला. म्हणाल्या, "तुमच्याइतका अनुभव त्या खोलीत कुणालाच नाही. तुम्ही गेलात तर नव्या मुलांना सांभाळणार कोण?"

मी म्हटलं, "मॅडम, माझं ते ऐकत नाहीत."

"तरी तुम्ही असलेलं बरं," त्या म्हणाल्या, आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. चहा पिऊन मी खाली आले. यादीत तीन नावं होती. पहिला पेशंट उपाशीपोटी सकाळपासून बाकावर बसला होता आणि विचारत होता की दुखतं का.

"नाही," मी म्हटलं, आणि त्याला आत घेतलं.